साडेबारा अंश

आमच्या टूलरूममध्ये एक काका होते. त्यांना कोनाचा थीटा म्हणता येत नसे, ते टीटा म्हणत, आणि दिवसातून वीस वेळा तरी म्हणत. कॅन्टीनची खुर्ची डुगडुगली की, "टीटा बग तिचा." कंपनीच्या बसची सीट मागे कलली की, "टीटा किती आसंल?" त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना टीटाकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा नव्या वॉचमनने गेटवरच "या टीटाकाका" म्हणून सलाम ठोकला, तर त्यांनी सलाम घेतला आणि त्याच्या टोपीचा टीटा चुकलाय म्हणून ती सरळ करून दिली.

अंगाने किरकोळ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कानावर पेन्सिल. वरच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी आणि लॉगटेबलच्या पुस्तकातलं साइनचं एकच पान, लॅमिनेट केलेलं. बाकीच्या पुस्तकाचं काय केलं असं मी विचारलं होतं. "बाकीचं पाठ हाय," म्हणाले. ही थाप होती. कॉसचं पान घरी देवाच्या फोटोमागे असायचं, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

एकदा इलेक्ट्रिशियन ट्यूब बदलायला शिडीवर चढत होता. काका हातातलं काम टाकून गेले आणि टेप काढून मोजू लागले. शिडी बारा फुटी, तिचा पाया भिंतीपासून सहा फूट.

"साठ अंश. उतर."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे राव."

"उतर म्हंतो ना."

त्यांनी स्वतः ओढून शिडीचा पाया तीन फुटांवर आणला. "आता साडेपंच्याहत्तर. चढ आता." इलेक्ट्रिशियन चरफडत चढला. मी काकांना विचारलं, पान न बघता एवढ्यात कसं सांगितलंत? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "निम्म्याला साठ आन् पावाला साडेपंच्याहत्तर. यात बघायचं काय?"

हे त्यांचं दुसरं वेड. कोन ते कधी दशांशात सांगत नसत, घड्याळातल्या वेळेसारखा सांगत. सव्वातीन अंश, पावणेआठ अंश, साडेबारा अंश. पुतण्याने वाकडला फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात चहा-बिस्किटं चालू असताना हे खाली जाऊन पार्किंगचा उतार मोजून आले. सहा मीटर लांब, दीड मीटर उंच. वर येऊन तिथल्या बाईंना म्हणाले, "साडेचौदाला एक मिनिट कमी हाय. गाडीचं पोट घासणार." त्या बाईंना वाटलं, काकांना साडेचौदाला, म्हणजे अडीचला, कुठेतरी जायचंय. त्यांनी कॅब बोलावू का विचारलं. पुतण्याची गाडी पुढे रोज घासत होती.

चाकणच्या त्या कंपनीत मी अहमदपूरहून डिप्लोमा करून आले. वर्षभर ट्रेनी, मग काम बघून कायम करायचं किंवा घरी पाठवायचं, असा करार होता. घरी पाठवलं तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. एका स्थळाला मी दोनदा नाही म्हटलं होतं, वडिलांनी तिसऱ्यांदा विचारायचं फक्त लांबणीवर टाकलं होतं. "कायम झालीस तर विषय बंद," एवढं कबूल केलं होतं त्यांनी. त्यामुळे त्या वर्षात मला कायम या शब्दापलीकडे काही दिसत नव्हतं.

पहिल्या दिवशी काकांनी मला पत्र्याचा एक काटकोनी तुकडा दिला. आडवी बाजू शंभर, उभी चाळीस. कोन काढ म्हणाले. मी चाळीस भागिले शंभर, टॅन, उलटं, असं कॅलक्युलेटरवर दाबलं आणि सांगितलं, "एकवीस पॉइंट ऐंशी."

"पॉइंट काय?"

"कामून? बरोबर आहे की काका."

"कामून म्हणं!" माझ्या मराठवाडी बोलीला ते हसले. "अंशात साठ मिन्टं असत्यात. एकवीस अंश अठ्ठेचाळीस मिन्टं म्हण." मग त्यांनी फरशीवर खडूने १२.३० लिहिलं. "हे घड्याळात काय झालं?"

"साडेबारा."

"आन् तुपल्या या यंत्राला साडेबारा सांगायचं तर?"

मी विचार करून म्हणाले, "बारा पॉइंट पाच."

"मग? टिंब दोघांचं सारखंच, पर मतलब येगळा. म्हणून मी तोंडानं सांगतो. साडेबारा म्हणलं की कुणीच चुकत न्हाई. कोनात टिंब टाकायचं न्हाई, ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवलं, असं मला वाटलं होतं.

काकांचं गाव निघोजे. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती यांच्या वाट्याला आली. ग्राइंडिंग मशिन उभं होतं तिथे पूर्वी त्यांचं वांग्याचं रान होतं, असं ते कुठलीही तक्रार नसलेल्या आवाजात सांगत. हेल्पर म्हणून लागले, एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरच्या मागे हिंडून कोन शिकले आणि त्याच्यापुढे गेले. पण दहावी नापास, तेही गणितात. त्यामुळे तपासणीच्या रिपोर्टवर त्यांची सही चालत नसे. कोन ते काढत आणि सही माझी. मला त्याची लाज वाटायची. त्यांना वाटत नसे. दहावीत का नापास झालात म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "त्या टीटाला कुठं काम हुतं? नुसताच कागदावर बसलेला. मला त्याच्याबद्दल काय वाटंना."

आमच्याकडे कोन धरायला साइन बार असे. दोन गोल रुळांवर बसवलेली पोलादी पट्टी, रुळांमधलं अंतर बरोबर शंभर मिलिमीटर. एका रुळाखाली ठरावीक जाडीचे पोलादी तुकडे रचले की पट्टी तिरकी होते. त्या तुकड्यांना स्लिप म्हणतात. किती उंच रचायचं ते साइन सांगतो. ती उंची काढून देणं माझं काम, आणि तिच्यावर धातू घासणं शेखभाईंचं. शेखभाई साठीला आलेले होते. ते नोकरीतून निवृत्त होऊन वर्षावर्षाच्या बोलीवर काम करत होते, आणि काकांचं त्यांच्याशी अर्ध्या शब्दात चालायचं.

त्या दिवशी एका फिक्स्चरचे, म्हणजे मशिनवर काम पकडून ठेवणाऱ्या चौकटीचे, तिरके ठोकळे करायचे होते, चाळीस नग. ड्रॉइंग काकांच्या टेबलावर, मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मशिनच्या आवाजातून काका ओरडले, "साडेबारा!" आणि पुतण्याच्या लग्नासाठी तीन दिवसांच्या रजेवर निघून गेले. माझ्याजवळ कागद नव्हता. मी नेहमीच्या सवयीने पेनाने तळहातावर लिहिलं, १२.३०. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. त्या स्थळाकडचे लोक पुन्हा येऊन गेले होते. दहा मिनिटं मी फोनवर भांडले, मग आत येऊन हातावर होतं ते कॅलक्युलेटरवर दाबलं. साइन आला, त्याला शंभरने गुणलं, एकवीस पॉइंट तीनशे तीनच्या स्लिप रचल्या आणि शेखभाईंना दिल्या.

काय चुकलं ते वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळलं नाही. ठोकळे तयार झाल्यावर मी त्याच स्लिपांवर ठेवून तपासले, चाळीसच्या चाळीस बरोबर निघाले. मी सही केली.

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाकडून ठोकळे परत आले. एकही बसत नव्हता. मॅनेजरसाहेब टूलरूममध्ये येऊन सरळ शेखभाईंच्या मशिनपाशी उभे राहिले. "शेखभाई, चष्म्याचा नंबर कधी तपासलात?" शेखभाईंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. साहेब म्हणाले, त्यांची मुदत या महिन्यात संपतेय, पुढे वाढवायची का ते बघावं लागेल. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. रिपोर्टवर माझी सही होती आणि साहेब माझ्याकडे बघतही नव्हते.

त्याच संध्याकाळी शेखभाई चाकणच्या चौकात जाऊन डोळे तपासून आले. पुढच्या दिवशी चष्मेवाल्याची चिठ्ठी सगळ्यांना दाखवत होते. "नंबर वहीच है. देखो, वहीच है." कुणी ती नीट वाचली नाही. मीही नाही.

रजा संपवून काका आले. लग्नातली हळद नखांत तशीच होती. साहेबांनी परत आलेला एक ठोकळा त्यांच्या टेबलावर ठेवला. काकांनी तो पुसला आणि साइन बारवर बसवला. वरून डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, त्याची सुई हलली म्हणजे वरची बाजू अजून तिरकी, मग खालच्या स्लिप बदलायच्या, सुई न हलेपर्यंत. अर्धा तास ते हेच करत होते. साहेब घड्याळ बघत, शेखभाई मशिन बंद करून, मी वही धरून उभी. शेवटी सुई जागेवर थांबली. काकांनी स्लिपांची बेरीज केली. एकवीस पॉइंट तीनशे तीन. शंभर लांबीवर एकवीस पॉइंट तीनशे तीन उंची. दोन बाजू मिळाल्या होत्या. त्यांनी खिशातलं पान काढलं आणि बोट वरून खाली नेलं.

"बारा अंश," ते म्हणाले, आणि बोट आडवं सरकलं. "अठरा मिन्टं."

मग पुन्हा स्वतःशीच म्हणाले, "अठरा."

पॉइंट तीस अंशाची मिनिटं किती होतात? अठरा. मला ते त्या क्षणी कळलं. काकांनी पान खिशात ठेवलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. हात धुतलेला होता.

"म्हणजे शेखभाईंनी बारा मिनिटांची चूक केली," साहेब म्हणाले.

"न्हाई. चाळीस नग आन् चाळीस बी बारा अठरा असतील. हात हालला तर नग हालत्यात. हे न्हाई हाललेले."

"मग कुणाची चूक?"

"जेवण झाल्यावर कळंल."

साडेबाराची घंटा झाली. कॅन्टीनमध्ये काका नेहमीसारखे माझ्याशेजारी बसले. भाकरी, कांदा, लग्नातले उरलेले दोन लाडू, त्यातला एक माझ्या डब्याच्या झाकणावर. मी डब्यातला भात चिवडत होते. ट्रेनिंगचे अकरा महिने आणि वर वीस दिवस झाले होते.

"काका, तुम्ही सांगणार का साहेबांना?"

"काय?"

"कुणी केलं ते."

ते भाकरी मोडत होते, ते थांबले नाहीत. "हे बग. कोन काढायचं काम मपलं. माणूस काढायचं काम सायबाचं. मी कुणाला काढत न्हाई."

"मी बोलले नाही तर शेखभाईंना काढतील."

"व्हय."

"बोलले तर मला काढतील."

"काढत्याल बी." त्यांनी लाडवाकडे बोट दाखवलं. "खा. साजूक तुपाचा हाय."

मला त्यांचा इतका राग आला की बस. दोन शब्द धीराचे बोलायला काय जात होतं माणसाचं? माझ्या बाजूने राहतो म्हणाले असते, निदान बरं नाही वाटलं तर दोन दिवस रजा घे म्हणाले असते. ते डबा धुवायला निघून गेले. मी लाडू तिथेच ठेवला आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. हातावर टिंब टाकून लिहिलं, तसंच दाबलं, त्याच स्लिपांवर तपासलं आणि सही केली. साहेबांना पहिल्यांदा समजलंच नाही. मी त्यांच्या कागदावर लिहून दाखवलं, एका बाजूला साडेबारा अंश, दुसऱ्या बाजूला बारा पॉइंट तीस. मग समजलं, आणि मग त्यांना बोलायचं ते सगळं ते बोलले. डिप्लोमा कुणी दिला हेही विचारलं.

मला काढलं नाही. ट्रेनिंग सहा महिने वाढवलं. शेखभाईंना मुदत मिळाली आणि त्याच ठोकळ्यांवर पुन्हा घासायचं काम मिळालं. अठ्ठावीस वाचले, बारा भंगारात गेले. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "बेटा, दो दिन मैंने अपने चश्मे को गालियां दीं. उसको सॉरी बोल." मी त्यांच्या चष्म्याला सॉरी म्हटलं. सगळी टूलरूम हसली आणि मी रडले.

वडिलांनाही खरं सांगितलं. ते चिडले, पण सहा महिने थांबले. पत्र आलं तेव्हा मी पेढे घेऊन पहिली काकांकडे गेले. "काका, कायम झाले."

त्यांनी पेढा घेतला. "सायबानं केली. मी अजून न्हाई केली."

"तुम्ही कधी करणार?"

"बगू."

हे ते पुढची सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, अधूनमधून म्हणत. एखाद्या रिपोर्टवर मी सही करत असले की विचारत, "कायम झाली का गं तू?" मी म्हणे, तुमच्या हातात आहे. ते म्हणत, "बगू." निरोपाच्या दिवशीही तेच. मला ती एक जुनी थट्टा वाटायची.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, मोशीला राहते, तिथून निघोजे लांब नाही. भेटायला गेले तर खाटेवर बसले होते, डावीकडे कललेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. बोलणं थोडं जड झालं होतं. बस म्हणायच्या आधी म्हणाले, "टीटा काढ."

"कशाचा?"

"मपला."

काकू म्हणाल्या, "काही तरीच यांचं. डॉक्टर रोज सांगतो, सुधारणा हाय म्हणून."

पण मी काढला. दाराच्या चौकटीला ओळंबा बांधला, त्याखाली स्टूल ठेवून त्यांना बसवलं. बैठकीपासून मानेपर्यंत साठ सेंटीमीटर. मान ओळंब्यापासून किती बाजूला गेलीय ते मोजायचं, साठने भागायचं, आणि पान बघायचं. पहिल्या वेळी अकरा सेंटीमीटर होतं, म्हणजे साडेदहा अंश. पाचाच्या आत आला की कंपनीत एक चक्कर मारायची, हे त्यांनीच ठरवलं. मग दर महिन्याला एक रविवार मी जाऊ लागले. दुसऱ्या महिन्यात सव्वानऊच्या जवळ. तिसऱ्यात आठ पॉइंट सहा सेंटीमीटर, म्हणजे सव्वाआठ. त्या दिवशी त्यांनी काकूंना इस्त्रीला टाकायला कंपनीचा जुना शर्ट काढायला लावला.

परवाच्या रविवारी मी टेप धरला आणि नऊ पॉइंट एक सेंटीमीटर आलं. पुन्हा धरला. ओळंबा हलतोय का पाहिलं, त्यांना नीट बसवलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. नऊ पॉइंट एक. स्वयंपाकघराच्या दारातून काकू मला मानेने खुणा करत होत्या, कमी सांग. इस्त्रीचा शर्ट खुंटीला होता. आठ म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. टेप त्यांना दिसत नव्हता, पान माझ्या हातात होतं.

"किती?"

"पावणेनऊ," मी म्हणाले.

काकूंनी तोंड फिरवलं. काकांनी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं.

"मागल्या बारीला सव्वाआठ हुता."

"हो."

"म्हंजी अर्ध्या अंशानं वाढला."

"अर्ध्या अंशानं वाढला, काका."

"हात बगू." त्यांनी उजवा हात पुढे केला. मी माझा तळहात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो धरून उलटासुलटा करून पाहिला. काही लिहिलेलं नव्हतं.

"डॉक्टर म्हंतो सरळ. ही म्हणती सरळ. पुतण्या फोनवरनं बघतो आन् म्हंतो सरळ." त्यांचा श्वास भरून आला, ते थांबले. "मला तर वाकडंच वाटतंय. म्हणलं, मपलं डोकंच फिरलं का काय."

"नाही फिरलं. पावणेनऊ आहे."

"व्हय," ते म्हणाले. चेहरा मोकळा झाला होता. मग स्वयंपाकघराकडे वळून, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात काकूंना म्हणाले, "चहा टाक गं. पोरगी आज कायम झाली."